चीनच्या सम्राटकालीन रंगभूमीवरील नाटककारांची प्रादेशिक मंडळे

इ. स. १३३० मध्ये झोंग सिछेंग या विद्वानाने ‘लू ग्वेइ बू’ म्हणजे ‘मृतात्म्यांची नोंदवही’ या आपल्या ग्रंथाला प्रस्तावना जोडली. झोंगचे घराणे मूळचे काइफेंगचे; त्याचे आयुष्य मात्र दक्षिणेतील हांगझोऊ शहरात गेले. सरकारी परीक्षांत त्याला वारंवार अपयश आले होते. ज्यांना दरबारी इतिहासात एक ओळही मिळाली नसती अशा दीडशेहून अधिक नाटककार-पदकारांची आणि चारशेहून अधिक नाटकांची नोंद त्याने या ग्रंथात केली. नोंदीची पद्धत ठरलेली होती: लेखकाचे नाव, त्याचे व्यवहारनाम, त्याचे मूळ गाव, हुद्दा असल्यास तो, आणि त्याच्या नाटकांची नावे. या नोंदी गावांनुसार मांडल्या की काही मोजकीच नगरे पुन्हा पुन्हा समोर येतात. चिनी नाटकाच्या अभ्यासात ‘प्रादेशिक मंडळ’ ही संकल्पना रुजली ती याच सामग्रीच्या आधारे.

चिनी नाटक एका राजधानीत किंवा एका प्रतिभावंताच्या हातून घडलेले नाही. आश्रय, लेखकांची संघटना आणि स्थानिक संगीत या तीन गोष्टी ज्या नगरात एकत्र आल्या, तेथे नाटककारांचे मंडळ उभे राहिले. त्यांपैकी एक जरी ढळली, तरी मंडळ विखुरले आणि नाटकाचे केंद्र दुसऱ्या नगराकडे सरकले. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतचा चिनी नाटकाचा इतिहास हा या अर्थाने नगरांचा इतिहास आहे.

व्याख्या आणि वर्गीकरण

एकाच प्रदेशात राहणाऱ्या, परस्परांशी परिचय असलेल्या आणि समान रंगपरंपरेसाठी लिहिणाऱ्या नाटककारांच्या समूहाला प्रादेशिक मंडळ म्हणता येईल. अशा मंडळांचे चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार आश्रयनिष्ठ मंडळांचा. ती एखाद्या प्रबळ सरदाराच्या छायेखाली जमली. झेनदिंग आणि दोंगपिंग येथील मंडळे या प्रकारची होत. दुसरा प्रकार लेखनसभांचा (शूहुइ). नाट्यगृहांना आणि कथेकऱ्यांना संहिता पुरवणाऱ्या लेखकांच्या या व्यावसायिक संघटना दादू, वेन्झोऊ आणि हांगझोऊ येथे होत्या. तिसरा प्रकार शास्त्रनिष्ठ किंवा रुचिनिष्ठ संप्रदायांचा. वूजियांग, लिनछुआन आणि शाओशिंग यांची नावे त्यात येतात. चौथा प्रकार सहलेखन करणाऱ्या पेशेवर गटांचा असून सूझोऊचे मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या मंडळांनी मुख्यतः तीन नाट्यप्रकार हाताळले. ‘झाजू’ हे उत्तरेकडील नाटक सामान्यतः चार अंकांचे असते. प्रत्येक अंकात एकाच स्वरवर्गातील पदांची माला येते आणि पदे गाण्याचा मान बहुधा एकाच प्रमुख पात्राला मिळतो; इतर पात्रे केवळ संवाद बोलतात. ‘नानशी’ हे दक्षिणेकडील नाटक याहून सैल बांधणीचे व लांबलचक असून त्यात कोणतेही पात्र गाऊ शकते. या दक्षिणी नाटकाचेच मिंग राजवटीत (१३६८–१६४४) अधिक परिष्कृत रूप झाले, त्याला ‘छुआनछी’ म्हणतात. तीस ते पन्नास प्रवेशांची छुआनछी नाटके सर्रास आढळतात.

उगमाची कारणे

१२३४ मध्ये मंगोलांनी उत्तर चीनमधील जिन राज्याचा अंत केला. युद्धाने उत्तरेची शहरे उद्ध्वस्त झाली होती. मंगोलांना शरण जाऊन आपापला मुलूख राखणाऱ्या काही हान सरदारांच्या प्रदेशांत मात्र शांतता टिकली. निर्वासित पंडित, वादक आणि कारागीर तिकडे वळले. आश्रयनिष्ठ मंडळांचा पाया येथे पडला.

दुसरे कारण परीक्षापद्धतीचे. विद्वानांना राजसेवेत प्रवेश देणारी परीक्षा १२३८ मध्ये एकदा झाली आणि त्यानंतर थेट १३१५ पर्यंत बंद राहिली. जवळजवळ तीन पिढ्यांच्या सुशिक्षितांना चरितार्थासाठी कारकुनी, वैद्यकी, शिकवणी किंवा रंगभूमीसाठी लेखन असे मार्ग धरावे लागले. अभिजात काव्यशास्त्रात मुरलेली लेखणी या काळात प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारपेठेतील प्रेक्षकांसाठी चालू लागली. युआन काळातील (१२७१–१३६८) नाटकात बोलीचा जिवंतपणा आणि काव्याची प्रौढी एकत्र नांदते, ती या परिस्थितीमुळे.

दादू: राजधानीचे मंडळ

कुबलाई खानाने वसवलेली दादू ही राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी होती. व्यापारी, अधिकारी, सैनिक आणि परदेशी प्रवासी यांनी गजबजलेल्या या नगरात ‘गौलान’ नावाची बंदिस्त नाट्यगृहे नियमित चालत. आधुनिक चिनी नाट्यसंशोधनाचा पाया घालणारा पंडित वांग ग्वोवेइ याने १९१०च्या दशकात युआन नाटककारांची प्रदेशवार मांडणी केली. मूळ स्थान ज्ञात असलेल्या ६२ झाजूकारांपैकी ४९ उत्तरेकडचे व १३ दक्षिणेकडचे आहेत आणि उत्तरेकडच्यांपैकी १९ एकट्या दादूचे आहेत, असे त्याने दाखवले.

या मंडळाचा अग्रणी ग्वान हानछिंग. त्याच्या नावावर साठहून अधिक नाटके नोंदलेली असून त्यांपैकी सुमारे अठरा आज उपलब्ध आहेत. अन्यायाने देहदंड झालेल्या तरुण विधवेची कथा सांगणारे ‘दोउ अ युआन’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाटक होय. वांग शिफूचे ‘शीश्यांग जी’ ही प्रेमकथा पाच झाजू जोडून रचलेली आहे. मा झियुआनने ‘हानगोंग छियू’मध्ये हान सम्राट व झाओजुन यांच्या वियोगाचे करुण चित्र उभे केले. जी जुनश्यांगच्या ‘झाओशी गूअर’ या सूडनाट्याचा फ्रेंच अनुवाद १७३५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि व्होल्तेरने त्यावरून प्रेरणा घेऊन १७५५ मध्ये आपली शोकांतिका रंगभूमीवर आणली.

दादूचे मंडळ एकत्र काम कसे करीत असे, याची दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. यांग श्येनझी हा ग्वानचा जिवलग मित्र. इतरांच्या संहितांवर हात फिरवून त्या सुधारण्यात तो इतका वाकबगार होता की ‘डागडुजीवाला यांग’ असेच त्याचे टोपणनाव पडले. दुसरे उदाहरण ‘हुआंगल्यांग मंग’ या नाटकाचे. १२९५ ते १२९७ या कारकिर्दीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युआनझेन लेखनसभेतील चौघांनी त्याचा एकेक अंक लिहिला. मा झियुआन आणि ली शिझोंग हे विद्वान. हुआ लीलांग आणि ‘तांबडा’ ली अर हे पेशाने नट. पंडित आणि नट एकाच संहितेवर बरोबरीच्या नात्याने काम करीत होते, हे चिनी समाजातील तत्कालीन श्रेणी पाहता मोठे असाधारण आहे.

झेनदिंग आणि दोंगपिंग: सरदारांचा आश्रय

आजच्या हबेई प्रांतातील झेनदिंगवर शी थ्येनझ (१२०२–१२७५) या सरदाराची सत्ता होती. काइफेंगच्या पाडावानंतर अनेक विद्वान कुटुंबे त्याच्या आश्रयाला आली. त्यांत बाई पू (जन्म १२२६) हा बालक होता. वेढ्याच्या धामधुमीत आईपासून ताटातूट झालेल्या या मुलाला युआन हाओवन (११९०–१२५७) या थोर कवीने सांभाळले आणि लिहायला-वाचायला शिकवले. पुढे वडिलांसह तो झेनदिंगला स्थिरावला. राजसेवेसाठी शी थ्येनझने शिफारस करूनही बाई पूने ती नाकारली. थांग सम्राट श्वानझोंग आणि यांग ग्वेइफेइ यांच्यावरील त्याचे ‘वूथोंग यू’ हे नाटक पावसाच्या रात्री एकाकी बसलेल्या वृद्ध सम्राटाच्या विलापावर संपते. राज्य गमावल्याचे दुःख त्यात आहे, ते लेखकाने बालपणी प्रत्यक्ष पाहिलेले होते. ली वनवेइ, शांग झोंगश्येन आणि दाई शानफू हे या मंडळातील इतर नाटककार.

आजच्या शानदोंग प्रांतातील दोंगपिंग येथे यान शी (११८२–१२४०) या सरदाराने विद्यालय चालवले आणि जिन दरबारचे विखुरलेले वादक गोळा करून विधिसंगीत जिवंत ठेवले. याच विद्यालयाचा विद्यार्थी गाओ वनश्यू तरुणपणीच मरण पावला, तरी त्याच्या नावावर तीसहून अधिक नाटके आहेत. लोक त्याला ‘धाकटा हानछिंग’ म्हणत. दोंगपिंगच्या शेजारी ल्यांगशानची दलदल होती. तेथील बंडखोरांच्या कथा या भागात तोंडोतोंडी होत्या. त्यांतील रांगडा, तापट, पण निर्मळ मनाचा ली क्वेइ हा नायक गाओने अनेक नाटकांत उभा केला. ‘श्वेइहू झ्वान’ या प्रख्यात कादंबरीला पुढे जे साहित्य लाभले, त्यात दोंगपिंगच्या या नाटकांचा वाटा आहे.

यान घराण्याच्या परिवारात वावरलेल्या दू रनजिए याची एक पदमाला त्या काळच्या नाट्यगृहाचे फार मोलाचे वर्णन करते. पीक चांगले आले म्हणून खरेदीसाठी शहरात आलेला एक शेतकरी दारावरचा रंगीत कागद पाहून थबकतो. दारात उभा असलेला माणूस आरोळ्या ठोकून गिऱ्हाइके बोलावत असतो. दोनशे नाणी मोजून शेतकरी आत शिरतो, लाकडी चढण चढतो आणि पायऱ्यापायऱ्यांनी बसलेली माणसे पाहून चकित होतो. समोर मंचावर बसलेल्या बायका ढोल व झांज वाजवत असतात आणि त्याला देवाच्या मिरवणुकीची आठवण होते. तेराव्या शतकात तिकीट, जाहिरात आणि चढत्या आसनांची व्यवस्था रूढ होती, याचा असा पुरावा जगाच्या नाट्येतिहासात दुर्मीळ आहे.

पिंगयांग: मंदिरांची रंगभूमी

शानशी प्रांताच्या दक्षिण भागातील पिंगयांग (आजचे लिनफेन) हे जिन काळापासून ग्रंथमुद्रणाचे केंद्र होते. वांग ग्वोवेइच्या मांडणीत उत्तरेकडील नगरांपैकी दादूच्या खालोखाल याच प्रदेशाचा क्रम लागतो. शी जुनबाओ, खोंग वनछिंग, दी जुनहोउ आणि झंग ग्वांगझू हे येथील नाटककार. जवळच्या ज्यांगझोऊ येथील ली छ्येनफू याने ‘हुइलान जी’ हे नाटक लिहिले. त्याचा विचार पुढे येईल.

येथील रंगभूमीचा आधार मंदिरे हा होता. देवतेच्या उत्सवात तिच्यासमोर नाटक करण्याची प्रथा असल्याने गावोगावच्या देवळांत मूर्तीसमोर कायमचे रंगमंच बांधले जात. लिनफेनजवळील वेइत्सुन गावच्या वृषभराज मंदिरातील रंगमंचाच्या दगडी खांबावर १२८३ हे वर्ष कोरलेले असून तो मंच आजही उभा आहे. होउमा येथील १२१०च्या एका थडग्यात विटांचा छोटा रंगमंच आणि त्यावर रंगवलेल्या पाच नटांच्या मूर्ती सापडल्या. मृत्यूनंतरही नाटकाचा सहवास असावा, इतकी त्या प्रदेशातील लोकांची त्यावर प्रीती होती.

सर्वांत महत्त्वाचा अवशेष होंगदोंग तालुक्यातील ग्वांगशंग मंदिराच्या आवारात, जलदेवतेच्या सभामंडपात आहे. १३०३च्या भीषण भूकंपानंतर हा मंडप पुन्हा उभारण्यात आला. त्याच्या दक्षिण भिंतीवरील १३२४ सालच्या चित्रात एक नाटक मंडळी रंगमंचावर उभी आहे. समोर पाच नट आणि मागे पाच जण. मागच्या ओळीतील वादकांच्या हाती ढोल, बासरी व लाकडी टाळ. एका नटाने खोटी दाढी लावलेली स्पष्ट दिसते. मधोमध तांबडा झगा घातलेला व हाती अधिकारदंड धरलेला अधिकारी ही या मंडळीची नायिका झोंगदू श्यू असावी, असे अभ्यासक मानतात. वरच्या पट्टीवर तिचेच नाव लिहिलेले आहे. मागील चित्रित पडद्यावर एका बाजूस खड्गधारी वीर आणि दुसऱ्या बाजूस ड्रॅगन आहे. पडद्याची कड किंचित बाजूला सारून अकरावी व्यक्ती प्रेक्षकांकडे डोकावून पाहते. स्त्रिया पुरुषभूमिका करीत, वादक मंचावरच उभे राहत आणि नेपथ्य चित्रित पडद्यापुरते मर्यादित असे, या तिन्ही गोष्टी हे एकच चित्र सांगते.

वेन्झोऊ: दक्षिणी नाटकाचे माहेर

उत्तरेत झाजू बहरण्यापूर्वीच दक्षिणेच्या समुद्रकाठी वेन्झोऊ या बंदरात निराळे नाटक जन्माला आले होते. मिंगकालीन पंडित श्यू वेइ याने त्याचा आरंभ सोंग सम्राट ग्वांगझोंगच्या कारकिर्दीत, म्हणजे ११९०च्या सुमारास धरला आहे. स्थानिक लोकगीते आणि बाजारातील चाली यांवर हे नाटक उभे राहिले. येथील ज्यूशान लेखनसभेने सिद्ध केलेले ‘झांग श्ये झ्वांगयुआन’ हे उपलब्ध चिनी नाटकांतील सर्वांत जुन्या संपूर्ण संहितांपैकी एक आहे. मिंग दरबारच्या ‘योंगल दाद्येन’ या प्रचंड ज्ञानकोशाच्या एका खंडात ते आणखी दोन दक्षिणी नाटकांसह जतन झाले होते. तो खंड १९२० मध्ये ये गोंगछुओ या विद्वानाला लंडनमध्ये आढळला व त्याने तो विकत घेऊन मायदेशी नेला.

वेन्झोऊच्याच परिसरातील रुइआन येथील गाओ मिंग याने चौदाव्या शतकाच्या मध्यास ‘पीपा जी’ लिहून दक्षिणी नाटकाला साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली. परीक्षेसाठी राजधानीला गेलेला पती आणि दुष्काळात सासूसासऱ्यांना जगवणारी पत्नी यांची ही कथा पूर्वी अनघड रूपात खेळली जात असे. गाओ मिंगने दोन जीवनांचे प्रवेश आलटून पालटून गुंफले. एकीकडे राजधानीतील मेजवानी, तर दुसरीकडे कोंडा खाऊन राहणारी सून, अशी त्याची रचना आहे. पुढील छुआनछी नाटकांनी हीच बांधणी आदर्श मानली.

हांगझोऊ: उत्तर-दक्षिण संगम

१२७६ मध्ये दक्षिण सोंगांची राजधानी हांगझोऊ मंगोलांच्या ताब्यात गेली. नगर फारसे उद्ध्वस्त न होता हस्तांतरित झाले आणि त्याची संपत्ती टिकली. उत्तरेकडील अधिकारी, व्यापारी आणि नट दक्षिणेकडे येऊ लागले व त्यांच्या पाठोपाठ नाटककारही आले. ग्वान हानछिंगने या नगराला भेट देऊन त्याच्या सौंदर्यावर पदमाला रचली. पिंगयांगचा झंग ग्वांगझू येथे कारकून झाला. शरीर घरी आणि आत्मा प्रियकराच्या पाठीमागे, अशी अद्भुत कल्पना असलेले ‘छ्येनन्यू लिहुन’ हे त्याचे नाटक प्रसिद्ध आहे. तो हांगझोऊतच वारला आणि पश्चिम सरोवराकाठच्या लिंगझी मंदिरात त्याचे दहन झाले, अशी नोंद झोंग सिछेंगने केली आहे. थाइयुआनचा छ्याओ जी (मृत्यू १३४५) हाही येथेच राहिला. चीनमध्ये युआन नाटकाचे चार महारथी म्हणून ग्वान, बाई, मा आणि झंग यांची नावे घेतली जातात. ते दादू, झेनदिंग आणि पिंगयांग या तीन मंडळांतून आलेले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

हांगझोऊच्या स्थानिक लेखकांपैकी शन ह याने उत्तरेच्या व दक्षिणेच्या चाली एकाच पदमालेत गुंफण्याची पद्धत रूढ केली. तथापि उत्तरेचे नाटक त्याच्या मूळ भूमीपासून जसजसे दूर आले, तसतशी त्याची ताकद ओसरली. वांग ग्वोवेइच्या निरीक्षणानुसार मध्यकाळानंतर झाजूकार बहुतेक हांगझोऊचेच राहिले. उत्तरी उच्चारांवर बांधलेली पदे दक्षिणी कंठांना परकी होती आणि शेवटी दक्षिणी नाटकाने मैदान जिंकले.

कुनशान, वूजियांग आणि लिनछुआन

सोळाव्या शतकाच्या मध्यास सूझोऊजवळील थाइछांग येथे वेइ ल्यांगफू या गायनाचार्याने स्थानिक कुनशान चालीला नवे वळण दिले. उत्तरेच्या तंतुवादनात निपुण असलेल्या झांग येथांगचे साहाय्य त्याला लाभले. प्रत्येक अक्षराचा आरंभ, मध्य व अंत स्वच्छ उच्चारून लांबवलेल्या स्वरांची ही गायकी लवकरच सर्वांत प्रतिष्ठित ठरली. कुनशानच्याच ल्यांग छनयू (१५१९–१५९१) याने शीशी या सौंदर्यवतीच्या कथेवरील ‘हुआनशा जी’ हे नाटक या गायकीसाठी लिहिले आणि ‘कुनछू’ रंगभूमीचा पाया घातला.

नवी गायकी रुजल्यावर नियमांची गरज भासू लागली. वूजियांगचा शन जिंग (१५५३–१६१०) याने १५७४ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारपद मिळवले. १५८९ मध्ये ते सोडून उरलेली वीस वर्षे त्याने नाट्यसंगीताच्या अभ्यासाला वाहिली. ज्यांग श्याओच्या जुन्या कोशाचा विस्तार करून त्याने दक्षिणी चालींचा प्रमाण पदकोश (छूपू) सिद्ध केला. कोणत्या चालीत किती अक्षरे असावीत, कोठे कोणता स्वरोच्चार यावा आणि यमक कोठे पडावे, हे त्यात सोदाहरण दिले आहे. नाटक गाता आले पाहिजे आणि भाषा सामान्यांना समजली पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. ल्यू थ्येनछंग, वांग जिद, ये श्येनझू, फंग मंगलोंग आणि पुतण्या शन झिजिन हे या मंडळाशी निगडित. शन घराण्याशी नातेसंबंध असलेल्या ये श्याओवान (१६१३–१६५७) हिने दिवंगत बहिणींच्या स्मरणार्थ ‘युआनयांग मंग’ हे नाटक लिहिले. ज्यांची नाटके उपलब्ध आहेत अशा प्रारंभीच्या चिनी स्त्री-नाटककारांत तिचे स्थान मानाचे आहे.

ज्यांगशी प्रांतातील लिनछुआनचा थांग श्येनझू (१५५०–१६१६) याची दृष्टी निराळी होती. १५९८ मध्ये नोकरी सोडून तो गावी परतला आणि त्याच वर्षी त्याने ‘मूदान थिंग’ हे ५५ प्रवेशांचे नाटक पूर्ण केले. स्वप्नात पाहिलेल्या तरुणासाठी झुरून मरणारी व त्याच्याच प्रेमाने पुन्हा जिवंत होणारी दू लीन्यांग ही त्याची नायिका. भाव प्रबळ असेल तर तो मृत्यूलाही ओलांडतो, ही थांगची श्रद्धा होती. शन जिंगने गायनाच्या सोयीसाठी या नाटकाचे सुधारित रूप तयार केले. आपली मूळ संहिता इतरांनी बदललेली थांगला मुळीच रुचत नसे. यीहुआंगच्या एका नटाला पत्र लिहून त्याने मूळ पाठच सादर करण्याची ताकीद दिली. लिनछुआनशेजारच्या यीहुआंगमध्ये नाट्यकलेवर उपजीविका करणारे हजाराहून अधिक लोक असल्याचे थांगने स्वतः नमूद केले आहे. हा लेखक ग्रंथालयात बसून लिहिणारा नव्हता; त्याच्या भोवती जिवंत रंगभूमी होती.

शाओशिंग: समीक्षकांचे मंडळ

झज्यांग प्रांतातील शाओशिंगने नाटककारांइतकेच श्रेष्ठ समीक्षक दिले. ‘चार आक्रोश’ या नाट्यचतुष्टयाचा कर्ता श्यू वेइ (१५२१–१५९३) याने १५५९ मध्ये ‘नानत्सि श्यूलू’ हा ग्रंथ लिहिला. उपेक्षित दक्षिणी नाटकावरील हे पहिले शास्त्रीय विवेचन होय. त्याचा शेजारी व शिष्य वांग जिद याने ‘छूल्यू’ या ग्रंथात पदरचना, कथानक, संवाद आणि विनोद यांची प्रकरणवार मीमांसा केली. यूयाओच्या ल्यू थ्येनछंगने १६१०च्या ‘छूपिन’मध्ये नाटककारांना श्रेणी दिल्या आणि शन व थांग या दोघांनाही सर्वोच्च श्रेणीत बसवले. एकाचे नियम आणि दुसऱ्याची प्रतिभा यांचा संगम व्हावा, हा त्याचा निर्वाळा पुढच्या पिढ्यांनी मान्य केला. छी ब्याओज्या (१६०२–१६४५) याने सुमारे सातशे नाटकांची गुणवार सूची केली. त्यांतील कित्येकांची आज एवढीच खूण उरली आहे. मांचू सैन्याने दक्षिण जिंकल्यावर नव्या सत्तेची चाकरी नाकारून त्याने जलसमाधी घेतली.

सूझोऊ: पेशेवर नाटककार

सतराव्या शतकात सूझोऊ हे रेशीम विणकरांचे व कुनछू मंडळ्यांचे शहर होते. ली यू, झू सूछन, झू झुओछाओ, बी वेइ, ये शिझांग, झांग दाफू आणि छ्यू युआन हे येथील नाटककार बहुतेक अधिकारपदापासून दूर राहिले आणि मंडळ्यांसाठी सातत्याने लिहीत राहिले. ‘फावल्या वेळेतील भाव’ या ग्रंथाने ओळखला जाणारा दुसरा ली यू (१६११–१६८०) हा यांच्याहून वेगळा असून त्याचा या मंडळाशी संबंध नाही.

या मंडळाने नाटकात नगरातील सामान्य जनतेला नायकपद दिले. १६२६ मध्ये वेइ झोंगश्येन या सत्तांध अंतःपुर-सेवकाच्या हुकमावरून झोउ शुनछांग या लोकप्रिय अधिकाऱ्याला अटक झाली, तेव्हा सूझोऊचे नागरिक रस्त्यावर उतरले. पाच सामान्य नागरिकांना देहदंड झाला. त्यांची समाधी शहराच्या वायव्येस, व्याघ्रटेकडीच्या वाटेवर आजही आहे. ली यूने सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘छिंगझोंग पू’ या नाटकात हाच प्रसंग आहे. लेखकांच्या स्मरणातील घटना आणि प्रेक्षकांच्या ओळखीचे रस्ते रंगमंचावर आले. झू सूछनचे ‘शिवू ग्वान’ हे चुकीच्या न्यायनिवाड्यावरील नाटक १९५६ मध्ये झज्यांगच्या मंडळीने संक्षिप्त रूपात सादर केले आणि मरणपंथाला लागलेल्या कुनछू रंगभूमीला त्याने नवजीवन दिले.

उपयोग आणि मर्यादा

प्रादेशिक वर्गीकरणाचे तीन उपयोग आहेत. अनामिक संहितांचा कर्ता व काळ ठरवण्यास बोली, उच्चार आणि चाली यांवरून मदत होते. मंदिरे, थडगी व भित्तिचित्रे यांसारखे अवशेष लिखित नोंदींशी जोडता येतात. आणि विषयांची निवड समजते: दोंगपिंगला बंडखोर, झेनदिंगला गमावलेले राज्य आणि सूझोऊला नागरिक का भावले, याचे उत्तर त्या त्या भूमीत सापडते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ‘वूजियांग’ व ‘लिनछुआन’ ही संप्रदायनामे बऱ्याच अंशी नंतरच्या समीक्षकांनी रूढ केली आहेत. लिनछुआन संप्रदायात गणले जाणारे वू बिंग आणि मंग छंगशुन हे अनुक्रमे यीशिंग व शाओशिंगचे होते. त्यांना जोडणारा दुवा रुचीचा होता, गावाचा नव्हता. लेखक प्रवास करीत आणि एकाच व्यक्तीचे नाव दोन मंडळांत येऊ शकते. म्हणून मंडळ ही अभ्यासाची सोय मानावी, कुंपण मानू नये.

मराठी रंगभूमीपर्यंत

ज्यांगझोऊच्या ली छ्येनफूचे ‘हुइलान जी’ एका बालकावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांची कथा सांगते. न्यायाधीश बाओ चुन्याने वर्तुळ आखून मुलाला त्यात उभे करतो आणि दोघींना त्याला ओढण्यास सांगतो. मुलाला इजा होईल म्हणून जी हात सोडते, तीच खरी माता ठरते. स्तानिस्लास ज्यूलियाँ याने १८३२ मध्ये या नाटकाचा फ्रेंच अनुवाद केला. क्लाबुंडने १९२५ मध्ये त्याला जर्मन रूप दिले, आणि बर्टोल्ट ब्रेख्तने १९४४ मध्ये आपल्या नाटकात न्याय फिरवून मूल जन्मदात्रीऐवजी सांभाळणारीच्या हाती सोपवले. ब्रेख्तच्या या नाटकाचे मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने सिद्ध केले आणि विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ते मंचित केले. शानशीतील एका मंडळात निर्माण झालेली कथा या मार्गाने मराठी प्रेक्षकांपर्यंत आली.

हा प्रवास इतर भाषांच्या मध्यस्थीने झाला. आज भारतात चिनी भाषेचे रीतसर शिक्षण उपलब्ध आहे आणि ते घेणाऱ्यांत मराठी भाषकही आहेत. त्यांनी ‘दोउ अ युआन’, ‘वूथोंग यू’, ‘हुइलान जी’ आणि ‘छिंगझोंग पू’ ही चार मंडळांची चार नाटके मूळ चिनीतून मराठीत आणण्याचे काम अवश्य हाती घ्यावे. संगीत नाटकाची परंपरा जपलेल्या मराठीला पदांनी बांधलेले हे नाटक पेलण्याचे सामर्थ्य निश्चितच आहे.